मधल्या सीटवरचा बगळा

ऑफ्टडाल कुटुंबाच्या गाडीत बगळा कुणाच्या सांगण्यावरून बसला, यावर त्या घरात अजूनही एकमत नाही. डॅरल म्हणतो, कार्लाने बसवला. कार्ला म्हणते, डॅरलने. त्यांची लेक लिनेया काहीच म्हणत नाही. पण ती गेलं वर्षभर कशावरच फारसं काही म्हणत नव्हती, त्यामुळे तिचं गप्प राहणं कुणाला खटकलं नाही.

बगळा म्हणजे खराखुरा नव्हे. हॉल्वर्सन युनिव्हर्सिटीचा. सात फूट उंच, राखी-निळ्या पिसांचा, पोटात तारेचा सांगाडा, पिवळे काचेचे डोळे आणि कोयत्यासारखी चोच. सामन्याच्या वेळी तो मैदानाच्या कडेने नाचतो आणि एरवी पाहुण्यांना भेटतो. आत एक विद्यार्थी असतो, पण तो कोण हे कुणाला कळता कामा नये. पोशाखात असताना बोलायचं नाही, परक्यासमोर डोकं काढायचं नाही. नियम मोडला की पोशाख गेला. शेवटच्या वर्षी पदवी घ्यायला मंचावर एक मुलगा बगळ्याचे पाय घालून येतो, तेव्हा कुठे त्याच्या आईवडिलांना कळतं की इतकी वर्षं आपलं पोर शनिवारी फोन का उचलत नव्हतं. सेव्हन रिव्हर्स कॉन्फरन्समध्ये, म्हणजे दर मोसमात एकमेकांना हरवत बसणाऱ्या त्या युनिव्हर्सिट्यांच्या टोळक्यात, प्रत्येकीचं असं काहीतरी सोंग आहे. पण हॉल्वर्सनइतकं ते मनावर घेणारं कुणी नाही.

लिनेया गोळा फेकायची, आणि चांगला लांब फेकायची. त्या टोळक्यातल्या तीन युनिव्हर्सिट्यांच्या कोचना ती हवी होती, आणि सोमवारी तिला तिघांना उत्तर द्यायचं होतं. म्हणून ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी, बाहेर हात लांब केला तर बोटं दिसू नयेत इतकं धुकं असताना, तिघं एकाच दिवसात तिन्ही बघायला निघाली.

डॅरलचं मत पक्कं होतं. तो स्वतः वेस्टबी युनिव्हर्सिटीत शिकला होता, आणि वेस्टबीचा नारिंगी कोट अजून त्याला होत होता, निदान वरची दोन बटणं सोडून. कार्लाचं माप वेगळं होतं. बटाटा-खिम्याची हॉटडिश ओव्हनमधून काढून, टॉवेलात गुंडाळून निघालं, तर ती कुठवर गरम राहते. हॉल्वर्सनला वाफ निघत पोचते. वेस्टबीला कोमट. टॅमरॅकला पोचेपर्यंत तिचा दगड होतो. टॅमरॅक उत्तरेला मोठ्या तळ्याकाठी होतं, आणि तिथे जायचं ते केवळ त्या कोचने दोनदा फोन केला होता, नाही म्हणायला बरं दिसत नव्हतं, म्हणून. हे माप कार्लाने कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगी दूर जाणार या विचाराने तिला पहाटे जाग यायची, हेही तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

हॉल्वर्सन बघून झालं. वाचनालय छान होतं, वसतिगृहाला नवा रंग होता, आणि पार्किंगमध्ये निरोप द्यायला धुक्यातून बगळा आला. तिथली पद्धतच तशी: येऊ घातलेल्या विद्यार्थ्याबरोबर बगळा गाडीत बसतो, आईवडील फोटो काढतात, बगळा उतरतो. बगळा वाकला, मान आत घातली, मधल्या सीटवर बसला. चोच छताला टेकली. डॅरलने फोटो काढला. मग गाडीचं सरकतं दार त्याच्या सवयीप्रमाणे आपोआप बंद झालं.

बगळा तसाच बसून राहिला. त्याच्या पंखांना बोटं नव्हती, त्यामुळे दाराचा खटका त्याला लागत नव्हता. ही गोष्ट कुणाच्या तरी लक्षात यायला हवी होती, पण ती आली नाही.

"हा येतोय का आपल्याबरोबर?" डॅरलने ओठ न हलवता विचारलं.

"तूच विचारलंस ना त्याला?"

"मी कशाला विचारू? भेटीचं सगळं तू ठरवलंस."

"फॉर्मवर 'संपूर्ण बगळा अनुभव हवा का' असं होतं. मी हो म्हटलं. मला वाटलं, टोपीबिपी देतील."

"मग हाच असेल तो अनुभव." डॅरलने आरशात पाहिलं. "वेस्टबीला पोचवून परत आणायचा असेल. आजकाल मुलं मिळवायला काय काय करतात."

मिनेसोटात पाहुण्याला "तुम्ही आता उतरा" असं सांगायची सोय नाही. पाहुणा आपण होऊन उठेपर्यंत माणसं कॉफी ओतत राहतात. बगळ्याने पंख काचेवर दोनदा आपटला.

"सगळ्यांना हात करतोय," डॅरल म्हणाला, आणि सौजन्य म्हणून त्यानेही हॉर्न वाजवून निरोप घेतला.

गाडी सुटली तशी घंटी वाजू लागली. मागच्या मधल्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की ती गाडी टिंग टिंग करत जीव खायची. लिनेयाने बगळ्याच्या पोटावरून पट्टा ओढून खटका अडकवला. घंटी थांबली. त्यानंतर गाडीत जी शांतता पसरली ती गाडीबाहेरच्या धुक्याइतकीच दाट होती.

दोन्ही बाजूंना वाळलेला मका उभा होता, आणि तोही दिसत नव्हता, नुसता सळसळत होता. डॅरलला शांतता सोसत नाही.

"थंडी वाजत नाही ना?"

बगळ्याने मान हलवली.

"गाव कुठलं म्हणे तुझं?"

बगळ्याने मान हलवली नाही.

"बरोबर, बरोबर. बोलायचं नाही. विसरलोच." जरा वेळाने तो पुन्हा म्हणाला, "शेती असेल घरची?"

"डॅरल," कार्ला म्हणाली.

ओठाची लाली बघायच्या निमित्ताने तिने डोक्यावरची उन्हाची झडप खाली केली. झडपेला छोटा आरसा होता. त्यात लिनेयाचा अर्धा चेहरा आणि एक पिवळा डोळा दिसला. आतला मुलगा मानेतल्या जाळीतून बघतो, डोळे नुसते काचेचे असतात, हे तिला ठाऊक होतं. तरी तो डोळा तिच्याकडेच बघत होता. तिने लाली ठीक आहे असं ठरवलं. झडप मात्र खालीच ठेवली.

वाटेत पेट्रोलसाठी थांबले. डॅरल आणि कार्ला दुकानात गेले. लिनेया गाडीतच थांबते म्हणाली. आत रांग होती, कॉफीच्या यंत्राने रुसवा धरला होता, वेळ लागला. डॅरलने बगळ्यासाठीही कॉफी घेतली आणि चोच लक्षात घेऊन वर एक नळी खोचली. परत आले तेव्हा बगळा पट्टा लावून सरळ बसला होता. पहिल्यापेक्षा जास्तच सरळ. डॅरलने पेला त्याच्या बाजूच्या खोबणीत ठेवला.

"गरम आहे, जपून," तो म्हणाला.

बगळा आता पंखही हलवत नव्हता. "दमलं बिचारं," डॅरल म्हणाला. लिनेया खिडकीबाहेर बघत होती, जिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

वेस्टबीला त्या दिवशी घरवापसीचा सोहळा होता. जुने विद्यार्थी नारिंगी कपडे घालून येतात, पार्किंगमध्ये शेगड्या मांडतात, सॉसेज भाजतात आणि दुपारी सामना बघतात. डॅरल इतका खुशीत होता की त्याने गाडी थेट गर्दीच्या मधोमध नेऊन लावली. काचेबाहेर धुक्यात नारिंगी माणसं फिरत होती. मग एकाने गाडीत पाहिलं. त्याने शेजारच्याच्या खांद्याला हात लावला.

हॉल्वर्सन आणि वेस्टबीचं हाडवैर किती जुनं, ते कुणालाच आठवत नाही. वैऱ्याचा बगळा घरवापसीला दिसला तर वेस्टबीकर ओरडत नाहीत, काही फेकून मारत नाहीत. ते पाठ फिरवतात. एकेक करून, मुकाट्याने, बगळा जाईपर्यंत. डॅरलने स्वतः तरुणपणी हे केलं होतं आणि ते घरी अभिमानाने सांगितलंही होतं. समोरून हे कसं दिसतं ते मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं.

गप्पा थांबल्या. शेगड्यांवरचे चिमटे थांबले. रांगेमागून रांग वळली. थोड्याच वेळात पार्किंगभर नुसत्या पाठी होत्या, नारिंगी, न हलणाऱ्या, आणि शेवटच्या रांगा धुक्यात विरघळत गेल्या होत्या. सॉसेज तेवढी चरचरत होती.

डॅरल गाडीतून उतरला. सगळ्यात जवळची पाठ त्याला ओळखीची वाटली.

"मर्लिन? अरे मी, डॅरल. एका खोलीत राहिलो आपण."

"कळलं," पाठ म्हणाली. "आवाजावरून ओळखलं."

"मग वळ की."

"वळता येत नाही, डॅरल. तुझ्या गाडीत बगळा आहे."

"तो माझा नाही रे. पाहुणा आहे."

"पाहुणा असला तर तुझा दोष नाही," पाठ जरा मऊ झाली. "बायको-मुलगी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. इथेच आहेत."

"माझा नमस्कार सांग. सॉसेज घेतोस? मागे हात करतो, तू उचल."

डॅरलने मित्राच्या पाठीमागून आलेल्या हातातून सॉसेज घेतलं, आभार मानले आणि उभ्याउभ्या खाल्लं.

लिनेयाला युनिव्हर्सिटी दाखवायला एक उत्साही मुलगा नेमला होता. असे वाटाडे नेहमी पाहुण्यांकडे तोंड करून उलटे चालतात, त्याचा त्यांना सरावही असतो. पण बगळ्याबरोबर आलेल्यांना तोंड दाखवता येईना, म्हणून हा बिचारा आयुष्यात पहिल्यांदा सरळ चालला, आणि सरळ चालताना दोनदा खांबावर आदळला. "डावीकडे व्यायामशाळा," तो पुढच्या धुक्याला सांगे. "काही शंका?" धुक्याला शंका नव्हत्या. वेस्टबीच्या गोळाफेकीच्या कोचनेही लिनेयाशी मनापासून बोलून घेतलं, खिडकीकडे तोंड करून.

गाडीकडे परतताना कार्ला मागे राहिली आणि तिने हॉल्वर्सनला फोन लावला. तिथेही सामना चालू होता. फोनमधून बँड ऐकू येत होता.

"तुमचा बगळा आमच्याकडे आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "घाई नाही हं. नुसतं कळवावं म्हटलं."

"आमचा बगळा?" पलीकडची मुलगी गोड हसली. "आमचा इथेच आहे, मॅडम. मैदानावर. आत्ता ढोलवाल्याच्या मांडीवर बसलाय."

कार्लाने गाडीकडे पाहिलं. मागच्या काचेतून चोच दिसत होती.

"तुमच्याकडे दोन असतील."

"बगळा एकच असतो, मॅडम," मुलगी म्हणाली, जरा दुखावून. "पहिल्यापासून एकच. आणखी काही मदत करू?"

"नाही, नाही. तुमचा दिवस छान जावो," कार्ला म्हणाली आणि फोन ठेवून तशीच उभी राहिली. चारी बाजूंना पाठी होत्या. आधार मागायला एकही चेहरा नव्हता.

हे डॅरलला सांगायला हवं होतं. पण गाडीत तो बगळा होता, आणि माणसाच्या तोंडावर त्याच्याविषयी बोलणं बरं दिसत नाही, मग तो माणूस असो नसो. शिवाय डॅरलचा चेहरा पडला होता. वेस्टबी बाद झालं होतं, आणि ते मुलीने नव्हे, वेस्टबीनेच केलं होतं.

"कॉफी मात्र संपवली पठ्ठ्याने," खोबणीतला रिकामा पेला पाहून डॅरल तेवढ्यात तेवढा सुखावला. "तहान लागली होती."

कार्लाने तो पेला पाहिला आणि स्वतःचा पेला दोन्ही हातांनी घट्ट धरला. टॅमरॅक येईपर्यंत तिने तो सोडला नाही.

उत्तरेकडचा रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ होता. डॅरलने रेडिओवर सामना लावला आणि त्यात बुडून गेला. कार्ला झडपेच्या आरशातून मागे बघत बसली. ओरडावं असं तिला वाटत होतं. पण ओरडून म्हणायचं काय, हे सुचत नव्हतं, आणि नुसतंच ओरडण्याची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

तेवढ्यात मागून लिनेयाचा आवाज आला. वर्षभरात त्या आवाजातली सलग दोन वाक्यं कार्लाच्या वाट्याला आली नव्हती.

"तुला एक सांगू?" ती बगळ्याला म्हणाली.

गाडी खड्ड्यावरून गेली. बगळ्याची मान वरखाली झाली.

"मला टॅमरॅकला जायचंय. ते लोक तळ्याच्या तळातला चिखल काढतात. थंडीत बर्फाला भोक पाडायचं, खाली लांब नळी घालायची, वर ओढायची. त्या नळीत थर असतात. दर वर्षाचा एक. आई जन्मली त्या वर्षाचा चिखल बोट ठेवून दाखवता येतो. मला ते शिकायचंय. गोळा काय, कुठेही फेकता येतो." ती थोडी थांबली. "घरी कसं सांगायचं? पोरगी चिखल शिकायला चालली."

रेडिओवर कुणीतरी चेंडू हातातून सोडला. डॅरल मान हलवून चुकचुकला.

"पण मी सोमवारी हॉल्वर्सनच म्हणणार आहे," लिनेया म्हणाली. "आई रोज सकाळी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहते. दार वाजवत नाही, हाक मारत नाही. मी उठले का ते ऐकते, आणि जाते. तिला वाटतं मला कळत नाही. तिथली जमिनीची फळी वाजते. मी लहान असल्यापासून वाजते. मी लांब गेले तर ती सकाळी कुणाच्या दाराशी उभी राहील?"

कार्लाच्या हातातला पेला चेपला गेला. आरशात लिनेयाने कपाळ काचेला टेकवलं होतं, डोळे मिटलेले होते. आणि तिच्या शेजारी, खड्डा नसताना, वळण नसताना, तो मोठा राखी पंख हळूच उचलला गेला. लिनेयाच्या खांद्यावर टेकला. झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसा. थोडा वेळ तिथेच राहिला आणि मग परत मांडीवर आला.

कार्ला ओरडली नाही. नंतर तिला स्वतःचंच नवल वाटलं, कारण त्या क्षणी तिला भीतीपेक्षा हेवाच जास्त वाटला होता. वर्षभर जो खांदा आपल्याला गवसला नाही, तो याला गवसला.

टॅमरॅकला धुकं संपत नाही, तिथून ते निघतं. गोळा फेकायचं वर्तुळ तळ्याच्या काठावरच होतं. पलीकडे पाणी आहे हे नुसतं ऐकू येत होतं. कोच रूस्का नावाची रुंद, अबोल बाई लोकरीची टोपी घालून वाट बघत उभी होती.

"फेक," ती लिनेयाला म्हणाली. एवढंच तिचं स्वागत.

लिनेयाने गोळा मानेशी धरला, गिरकी घेतली, फेकला. गोळा धुक्यात शिरला. सगळी कान देऊन उभी राहिली. आवाज आला नाही.

"पडला नाही," डॅरल अस्वस्थ होऊन म्हणाला.

"पडतो," कोच म्हणाली. "दिसत नाही म्हणून पडत नाही असं नसतं."

बऱ्याच वेळाने कुठेतरी लांब धप्प असा आवाज झाला. अपेक्षेपेक्षा बराच लांब. लिनेया हसली. कार्लाने ते हसू ओळखलं. पहिली सायकल मिळाली त्या दिवशी ते शेवटचं पाहिलं होतं.

कोचने मान वळवून गाडीकडे बघितलं. "तुमच्या गाडीत कुणीतरी आहे."

"हो," कार्ला म्हणाली. तिने वाट पाहिली. आता ही पाठ फिरवेल, नाहीतर विचारेल, नाहीतर हसेल.

"थंडी आहे," कोच म्हणाली. ती आत गेली, माशाच्या सूपची वाटी घेऊन आली, वर पावाचा तुकडा. गाडीचं दार उघडून तिने ती बगळ्याच्या मांडीवर ठेवली आणि दार ओढून घेतलं. "त्याला नसेल खायचं तर कुणीतरी खा."

"तो कोण आहे, ते आम्हालाही नक्की माहीत नाही," कार्लाच्या तोंडून निघून गेलं.

"इथे आलाय ना," कोच म्हणाली. "मग जेवायला घालायचं."

तिन्ही युनिव्हर्सिट्यांची तुलना कार्लाच्या मनात तिथे, त्या वाटीपाशी संपली. हॉटडिश तिला आठवलीसुद्धा नाही. सूप शेवटी डॅरलने खाल्लं, बगळ्याची परवानगी विचारून.

घरी परतायची वाट हॉल्वर्सनवरून जात होती. "पोहोचवूनच जाऊ त्याला," डॅरल म्हणाला. कार्ला सबंध रस्ता एकच विचार करत होती: खरा बगळा तिथे मैदानावर आहे. मग हा उतरणार कुठे, आणि उतरायला तयार नसला तर?

संधिप्रकाशात गाडी त्याच पार्किंगमध्ये शिरली. सामना संपला होता, माणसं गेली होती. दिव्याच्या खांबाखाली बगळा उभा होता. कार्लाने झडपेच्या आरशात पाहिलं. मागच्या सीटवरही बगळा होता. दोन्ही बगळे काचेतून एकमेकांकडे बघत राहिले.

"दोन आहेत," डॅरल अगदी हळू म्हणाला.

बाहेरचा बगळा लांब ढांगा टाकत जवळ आला. लिनेयाने दार उघडलं, पट्टा सोडला, आणि त्या बगळ्याने आतल्या बगळ्याच्या मानेखाली पंख घालून त्याला उचललं. रजई उचलावी तसं. आतल्याचे पाय लोंबले. तारा खुळखुळल्या. बाहेरच्याने लिनेयापुढे खाली वाकून नमस्कार केला आणि स्वतःची दुसरी प्रत काखेत मारून तो धुक्यात निघून गेला.

"त्यात माणूस नाही," डॅरल म्हणाला.

"पेट्रोल पंपापासून नाही," लिनेया म्हणाली. "त्याला दुपारचा सामना होता, बाबा. सकाळपासून तो काच बडवत होता आणि तुम्ही हॉर्न वाजवत होता. पंपाजवळ त्याच्या मावसभावाचा गोठा आहे, तो मोटरसायकलवर न्यायला आला. मोटरसायकलवर हा पोशाख बसेना. मग त्याने तो गाडीतच उतरवला, मी डोळे मिटून घेतले, चेहरा बघितला नाही. इथे जुना फाटका पोशाख लपवलेला असतो, तो घालून नाचला. कुणाला सांगू नको म्हणाला. बोलला म्हणून त्याचं सोंगच गेलं असतं. मी शब्द दिला."

"मी त्याच्याशी मक्याच्या भावाबद्दल बोललो," डॅरल म्हणाला. "दीड तास."

"हो, बाबा."

"आणि कॉफी?"

"मी प्यायले."

डॅरलने गाडीचं इंजिन बंद केलं. मग, भोजनगृह उघडं असेल तर एक वाटी काहीतरी खाऊन येतो, असं पुटपुटत तो उतरला. माणसाला कधीकधी एकट्याने जेवायचं असतं.

कार्ला पुढून उठून मागे आली आणि लिनेयापासून एक सीट सोडून बसली. दोघींच्या मधली जागा रिकामी होती. तिथे अजून पिसांचा कुबट वास होता.

"म्हणजे उत्तरेच्या रस्त्यावर ते रिकामं होतं," कार्ला म्हणाली. "आणि तुला माहीत होतं."

"हं."

"मग तू बोलत कुणाशी होतीस?"

लिनेयाने नखाने सीटची शिवण उकरली. "तुझी झडप खाली होती, आई. सकाळपासून. लाली इतका वेळ कुणी बघत नाही."

बाहेर एक दिवा लुकलुकला. बोलायची वेळ आली की कार्लाला नेहमी स्वयंपाकघरच आठवायचं.

"टॅमरॅकला हॉटडिश थंड पोचेल," ती म्हणाली.

लिनेयाने मान वर केली. "थंड चालते मला," ती म्हणाली. "खरं तर मला थंडच आवडते. तू नेहमी इतकी गरम आणतेस की जीभ पोळते."

"कधी बोलली नाहीस."

"तू इतकी टॉवेलात गुंडाळून आणायचीस."

दोघी थोडं हसल्या आणि थोडं डोळे पुसत बसल्या, वेगवेगळ्या खिडक्यांकडे तोंड करून, वेस्टबीकरांसारख्या.

"सोमवारी तू टॅमरॅकच्या बाईला फोन कर," कार्ला म्हणाली. "मी सकाळी त्या फळीवर उभी राहीन मला वाटेल तेव्हा. फळी माझी आहे." मग तिला राहवेना. "पण लिनी, तो पंख."

"कुठला पंख?"

"तू बोलत होतीस तेव्हा. त्याने तुझ्या खांद्यावर ठेवला."

लिनेया तिच्याकडे बघत राहिली. "ते रिकामं होतं, आई. तो तुझा हात होता ना? माझे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, तू हात मागे केलास. म्हणून तर मला बरं वाटलं."

कार्लाने आपल्या हातांकडे पाहिलं. पुढच्या सीटच्या खोबणीत तिचा चेपलेला पेला होता, त्यावर दोन्ही हातांची बोटं उमटलेली होती.

"हो," ती म्हणाली. "मीच. दुसरं कोण असणार?"

लिनेयाने समाधानाने डोकं मागे टेकवलं.

डॅरल आला. भोजनगृह बंद होतं, पण त्याचा चेहरा बरा दिसत होता. त्याने गाडी सुरू केली, आणि गाडीने टिंग टिंग करायला सुरुवात केली. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. मागची मधली सीट, पट्टा नाही.

तिघांपैकी कुणी मधल्या सीटकडे बघितलं नाही, आणि कुणी काही विचारलं नाही. कार्लाने नजर खिडकीबाहेरच ठेवून हात लांब केला, मधल्या रिकाम्या जागेवरून पट्टा जपून ओढला, कुणाचं पोट आवळणार नाही इतका सैल सोडला, आणि खटका अडकवला.

घंटी थांबली.

"बसले सगळे?" डॅरलने विचारलं.

"बसले," कार्ला म्हणाली.